परकेपणाची मजा कोणाला येते?

एखादी कादंबरी वाचून संपली की आपण सहज म्हणून जातो, "मजा आली." हा शब्द मिसळीला चालतो, सिनेमाला चालतो, शेवटच्या ओव्हरला जिंकलेल्या मॅचला तर चालतोच. पण पुस्तकातल्या बाईला स्वतःचं नाव लपवून काम शोधावं लागतं, घरभाड्यासाठी नको ते करावं लागतं आणि त्यानंतर तिला अंथरुणातून उठवत नाही. असं पुस्तक वाचून "मजा आली" म्हणायचं, म्हणजे नक्की काय म्हणायचं?

हे पुस्तक म्हणजे 'अमेरिकाना'. लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची, नायजेरियाची. कादंबरी २०१३ची. इफेमेलू नावाची लागोसमधली मुलगी शिकायला अमेरिकेत जाते, तिथे तेरा वर्षं काढते आणि परत येते. 'अमेरिकाना' म्हणजे अमेरिकेहून जरा बदलून परतलेली व्यक्ती, तिकडचा चिडवायचा शब्द. आपल्याकडे अशा माणसाला "फॉरेन रिटर्न" म्हणतात आणि तेही बहुतेक वेळा चिडवायलाच.

मी ही कादंबरी मोबाइलवर वाचली, बरीचशी पुणे-राहुरी प्रवासात. आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. नगर कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. म्हणूनच हा प्रश्न मला टाळता येत नाही. पुस्तक कंटाळवाणं असतं तर प्रश्नच आला नसता.

आधी मजा कुठे आली ते सांगतो. अमेरिकेत रुळताना इफेमेलू अमेरिकन उच्चार मेहनतीने शिकते. एकदा टेलिमार्केटिंगवाल्या मुलाचा फोन येतो. बोलता बोलता तो कौतुकाने म्हणतो की तुम्ही अगदी अमेरिकन वाटता. ती त्याला थँक्यू म्हणते. फोन ठेवल्यावर तिला त्या थँक्यूचीच लाज वाटायला लागते. अमेरिकन वाटणं ही शाबासकी कधीपासून झाली? आणि ती त्या दिवसापासून शिकलेला उच्चार सोडून देते.

हे वाचताना मी दोन थांबे पुढे जाईपर्यंत पान उलटलं नाही. आमच्याकडे "कुठे" म्हणत नाहीत, "कुढं" म्हणतात. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात टीममधल्या दोघांना माझं "कुढं" सापडलं आणि पुढचे सहा महिने तेच माझं नाव होतं. नंतर मी "कुठे" शिकलो. मग क्लायंटच्या कॉलवर बोलायचं इंग्रजी शिकलो, त्यात शब्दांची शेपटं गिळायची असतात. आता कोणी "तू राहुरीचा वाटत नाहीस" म्हणालं, तर क्षणभर छान वाटतं. त्या छान वाटण्याचं काय करायचं, हे मला त्या पानाने पहिल्यांदा विचारलं. नायजेरियातल्या बाईने राहुरीच्या मुलाला ओळखलं, असं वाटलं. ती मजा होती ती ही.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत राहते. मोठी आहे माझ्याहून. मी हौसेने तिला पुस्तक सुचवलं. तिने साठ-सत्तर पानांवर सोडलं. मी विचारलं, "ताई, आवडलं नाही?"

"चांगलं आहे रे. पण मला नाही वाचवत."

"का?"

"तुला ते आवडलं, कारण तुला ते मिटता येतं."

ताईने इथूनच शेतकी विषयात एम.एस्सी. केलं. लग्नानंतर ती एच-४ व्हिसावर गेली. हा व्हिसा नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला टांगलेला असतो. २०१५ पर्यंत या व्हिसावर नोकरीची परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळायला लागली तीही सरसकट नाही, नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. ताईच्या तिथल्या पहिल्या काही वर्षांत तो टप्पा आला नव्हता. मातीचे नमुने तपासायला शिकलेली बाई तिथे कागदोपत्री 'डिपेन्डन्ट' होती, अवलंबून असलेली. तिला इफेमेलू वाचायची गरज नव्हती. जे चोवीस तास अंगावर आहे, तेच रात्री उशाशी घेऊन कोण झोपेल?

ताईच्या त्या एका वाक्याने माझ्या मजेचा हिशेब बदलला. मला वाटत होतं की मजा जवळीकतेतून आली. ती म्हणत होती की मजा अंतरातून आली.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना न. चिं. केळकरांनी याच कोड्याला एक नाव दिलं होतं: सविकल्प समाधी. शब्द जड आहे, कल्पना सोपी. वाचताना आपण दुसऱ्याच्या आयुष्यात बुडतो, ही समाधी. पण बुडताना आपण आपणच आहोत हे भान सुटत नाही, म्हणून ती सविकल्प. एकाच वेळी मी मीही आहे आणि तीही आहे, या दुहेरीपणात वाङ्मयाचा आनंद आहे. म्हणजे दुःखाची गोष्ट वाचून आनंद होतो यात विकृत काही नाही. आनंद तिच्या दुःखाचा नसतो, आपली हद्द थोडी वाढल्याचा असतो.

मला हे पटतं. पण ताईला हे लावून पाहिलं की त्यातली अट दिसते. दुहेरीपणासाठी एक पाय आपल्या जमिनीवर घट्ट हवा. मी बसच्या सीटवर होतो, पगार खात्यात येत होता, घरी पोचल्यावर आई भाकरी टाकणार होती. तेवढा भक्कम काठ असल्यामुळे मी निवांत बुडू शकलो. ताईला त्या वर्षांत काठच नव्हता. म्हणजे 'मजा आली' हे वाक्य पुस्तकाबद्दल जितकं सांगतं, तितकंच वाचणारा कुठे उभा आहे हेही सांगतं.

केळकरांच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं, १७५८ मध्ये, रूसोने नाटकांवर एक कडवट आरोप केला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नाटकातल्या खोट्या दुःखावर रडून प्रेक्षकाला वाटतं की माणुसकीचं देणं फिटलं. रडून झालं, आता आणखी काय करायचं? खरं दुःख काहीतरी मागतं: वेळ, पैसे, जागा. नाटकातलं दुःख फक्त अश्रू मागतं आणि ते तर आपण आनंदाने देतो.

हा आरोप मला झटकता येत नाही. मात्र तो माझ्या गावात आणून तपासायचा असेल तर आधी एका मराठी शब्दाकडे बघावं लागेल.

अशा कादंबऱ्यांच्या पाठीवर हल्ली 'आयडेंटिटी' हा शब्द असतोच. मराठीत आपण त्याला 'ओळख' म्हणतो. पण आपली ओळख जरा वेगळी आहे. "माझी ओळख काय?" या प्रश्नात ती माझ्या आत असते. "माझी त्यांची ओळख आहे" म्हणताना ती दोघांच्या मध्ये असते. "ओळख ठेवा" म्हणजे आठवण ठेवा. "ओळख दाखवली नाही" म्हणजे समोरून गेला आणि बोलला नाही. "तिथे आपली ओळख आहे" म्हणजे तर काम होणार. एकाच शब्दात मी कोण आहे आणि मला कोण ओळखतं, हे दोन्ही आहे. मराठीचं म्हणणं जणू असं आहे की ओळख एकट्याची नसतेच, समोरचा लागतोच. इफेमेलूचा त्रासही तोच आहे. लागोसमध्ये तिला स्वतःला काळी समजायची वेळ कधी आली नव्हती. अमेरिकेत समोरचे बदलले आणि ती न बदलता वेगळी कोणीतरी झाली.

या अर्थाने पाहिलं तर कादंबरी वाचून माझी इफेमेलूशी ओळख झाली का? अर्धीच झाली. मला तिचे केस, तिची भीती, तिचं खोटं नाव माहीत आहे. तिला मी माहीत नाही. आमच्या कामाच्या भाषेत याला रीड-ओन्ली ॲक्सेस म्हणतात. सगळं बघता येतं, हात कशाला लागत नाही आणि आपल्याकडून कोणी काही मागत नाही. मजा निर्धोक असते ती म्हणून.

आता राहुरी. आमचं गाव साहित्यात कुठे येतं, असं विचारलं तर बहुतेकांना कृषी विद्यापीठ आठवेल आणि ते साहित्य नव्हे. पण ज्या बाईने मराठीत परकेपणावरचं सगळ्यात जिवंत पुस्तक लिहिलं, ती काही वर्षं इथे राहत होती. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८चा. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. लहानपणीच लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. १८९५ मध्ये नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला. ती काही वर्षांनी त्याच्याकडे राहायला गेली खरी, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. आणि मग हळूहळू, स्वतःशीच भांडत, १९००च्या सुमारास ती स्वतःही त्या बाजूला गेली.

तिने समुद्र ओलांडला नव्हता, व्हिसा काढला नव्हता. पण सोवळ्याच्या घरातून मिशनच्या वस्तीत जाणं हे लागोसहून फिलाडेल्फियाला जाण्यापेक्षा कमी लांबचं नव्हतं. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आलं. ती कादंबरी नाही, आठवणी आहेत, आणि त्या वाचताना आपण हसतो. लक्ष्मीबाई स्वतःच्या सोवळ्यावर, स्वतःच्या अज्ञानावर इतकं मोकळं हसतात की वाचणाऱ्यालाही हसायची परवानगी मिळते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने असं पुस्तक लिहिलं.

म्हणजे राहुरीला स्थलांतरित बाई नवी नाही. खरं तर कुठल्याच गावाला नवी नाही. भारतातल्या जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे. आपल्याकडे तर ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून ते साजरं करायची रीत आहे. कल्याणची यमुना अशीच आनंदी झाली आणि त्या नावानेच अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली. माझी आई पलीकडच्या जिल्ह्यातून इथे आली तेव्हा तिचंही नाव बदललं. जुनं नाव आता फक्त मामा घेतो. तो फोनवर त्या नावाने हाक मारतो, तेव्हा आई "ओ" द्यायला किंचित वेळ लावते. तेवढ्या वेळात ती कुठून कुठे येत असेल? जात्यावर बायकांनी गायलेल्या ओव्या संशोधकांनी गोळा केल्या, तो आकडा एक लाखाच्या वर गेला. त्यात माहेरचा केवढा मोठा भाग आहे! परक्या घरी गेलेल्या बाईचं ते आपलं वाङ्मय. त्याला आपण 'इमिग्रंट लिटरेचर' म्हटलं नाही, एवढंच.

आणि दिवाळीच्या आगेमागे राहुरीत आणखी काही बायका येतात.

मुळा धरणाचं पाणी आणि ऊस हे आमच्या तालुक्याचं जुनं लग्न आहे. ऊस तोडायला टोळ्या येतात, बीडकडच्या, पाथर्डीकडच्या. रानाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात कोयते चालू होतात, थंडीत पाचटाचा आवाज येतो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती वस्ती नाहीशी होते. या कामात मजुरांची मोजणी माणशी होत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस आला तर 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी उचल सहसा नवऱ्याच्या हातात पडते. फेडायची मात्र दोघांनी, मोळ्या वाहून.

आमच्याही रानातला ऊस असाच तुटतो. वजनाची पावती येते, त्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, वजन असतं. उसाच्या वाणालासुद्धा नाव आहे. 'फुले २६५' हा वाण आमच्याच विद्यापीठाने काढला, पाडेगावच्या केंद्रात. वाणाची वंशावळ सांगता येईल, इतकी त्याची ओळख पक्की आहे. तो तोडणारी बाई मात्र कोयत्याच्या अर्ध्या भागात आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, तेव्हा कुठे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. ओळखपत्र! इफेमेलूला अमेरिकेत दुसरीच्या कार्डावर काम शोधावं लागलं, हे वाचून आपण हळहळतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडून झाल्यावर पहिल्या कार्डाची गोष्ट निघाली.

इथे रूसो येऊन उभा राहतो. म्हणतो, बघ, तू लागोसच्या बाईसाठी बसमध्ये थांबे विसरलास आणि ही तुझ्या बांधावर आहे.

या हल्ल्याला एक सोपं उत्तर आहे: कादंबऱ्या कमी वाच, काम जास्त कर. ते मला चुकीचं वाटतं. जे कादंबऱ्या वाचत नाहीत ते फावल्या वेळात कोप्यांवर जाऊन बसतात, असं मी तरी पाहिलेलं नाही. वाचनाने बांधावरच्या बाईचा वाटा चोरला, हा हिशेबच खोटा आहे. रूसोचा आरोप वाचणाऱ्याच्या समाधानावर आहे, वाचण्यावर नाही. पुस्तक वाचून आपण संवेदनशील झालो, असं वाटून गप्प बसलो तर तो बरोबर ठरतो.

दुसरं उत्तर साहित्यप्रेमींचं असतं: या बाईवर कोणीतरी कादंबरी लिहायला हवी. हवीच. तिच्यातल्याच कोणी लिहिली तर फारच उत्तम. पण या मागणीत एक चलाखीही आहे. म्हणजे तिने आधी माझ्यासाठी वाचनीय व्हायचं, मग मी तिच्याकडे लक्ष देणार! इफेमेलूकडे मन आहे हे मला पटलं, कारण ती विनोदी आहे, ब्लॉग लिहिते, टोमणे मारते. बोलता येणं आणि आत काहीतरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगली कादंबरी वाचता वाचता त्या एकच वाटायला लागतात, हा वाचनाचा खरा धोका आहे.

मग हाती काय राहतं? माझ्यापुरतं असं राहतं. 'अमेरिकाना'मध्ये किम्बर्ली नावाची एक श्रीमंत गोरी बाई आहे. तिच्याकडे इफेमेलू मुलं सांभाळायला असते. किम्बर्ली मनाने चांगली आहे. प्रत्येक काळ्या बाईला ती 'सुंदर' म्हणते, दूरदेशींच्या गरिबीने हळवी होते. इफेमेलूला ती आवडते आणि तरी तिचं हळवेपण इफेमेलू आरपार बघते. वाचताना मी किम्बर्लीवर हसलो. काही पानांनी लक्षात आलं की या पुस्तकाचा कौतुकाने भारावलेला वाचक लेखिकेने आधीच पुस्तकात बसवून ठेवला आहे. मी तिला बघत होतो, तेव्हा ती मला बघत होती. लक्ष्मीबाईंचंही तसंच आहे. त्या स्वतःवर हसतात आणि आपण सोबत हसतो. थोड्या वेळाने कळतं की आपलं सोवळं आपण नुसतं बदललं आहे, सोडलेलं नाही.

या जागी रीड-ओन्लीपणा थोडा तुटतो. चांगल्या पुस्तकात आपण पाहुणे म्हणून जातो आणि आपलीच झडती होते. मजेसोबत ही झडतीही झाली असेल, तर "मजा आली" म्हणायला मला लाज वाटत नाही. झडती झाली नसेल, तर ती मजा पर्यटकाची.

झडती देण्याची सवय मग पुस्तकाबाहेर कुठे लागते का, एवढंच बघायचं उरतं. गेल्या हंगामात टोळीतली एक बाई आमच्या ओट्यावर मोबाइल चार्जिंगला लावायला यायची. आईची आणि तिची ओळख पहिल्या दिवशीच झाली होती. नाव, गाव, माहेर, मुलं कुठे ठेवली, सगळं. आईने कुठलीही कादंबरी वाचलेली नाही. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुमी कुढं असता?"

"पुण्याला."

"हंगामापुरतं, का कायम?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. माझा आणि तिचा हंगाम एक नाही. माझ्याकडे पीएफ आहे, तिच्यावर उचल आहे, आणि दोघांनाही 'स्थलांतरित' म्हणून एका ओळीत बसवणं हा तिच्यावर अन्याय होईल. पण प्रश्न तिने विचारला होता. आत्तापर्यंतच्या सगळ्या पुस्तकांत बघणारा मी होतो. इथे बघणारी ती होती, आणि उत्तर माझ्याकडे बाकी होतं.

मी म्हणालो, "अजून ठरलं नाही." मग मी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि लगेच पुढचं विचारलं, "आणि तुमचं?"